घरच्या मैदानावर लोन नाय

सांबरवाडी, पोस्ट जिते
९ फेब्रुवारी २०२५

सख्या,

रामराम घे. हातात घ्यायचा नसेल तर उंबऱ्यावर ठेव, मी सवडीनं येऊन उचलून नेईन.

पत्र बघून तुला हसू येईल. जित्याला गाडीत बसलं की रोह्याला उतरायचं, पूल ओलांडला की अष्टमी, त्यासाठी पोस्टाचं तिकीट कशाला? पण तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी तुला ऐकू येत नाही, आणि ते कानाचं मशीन तू डबीत जपून ठेवतोस, कारण मैदानात पंचानं शिट्टी मारली की तेही शिट्टी मारतं. म्हणून लिहितो. अक्षर मोठं काढलंय, चष्म्याची सबब नको.

तुझ्या घराला कुलूप आहे. आमची गिरजा रोज सकाळी तुझं अंगण झाडते. मी म्हटलं, ज्याचं घर तो रागावून लेकीकडे गेलाय, तू कशाला वाकतेस? तर म्हणाली, "भावजी रागावलंत, अंगान कुठं रागावलाय?" तुझा परसातला वाल वाळून तडकायला लागला होता, तो आम्ही उपटून झोडून ठेवलाय.

जाताना जित्याच्या फलाटावर तू मला विचारलंस, "मैपत, माईक तुज्याकडं व्हता. माज्या पोराचं नाव पुसत व्हते तवा तुजी वाचा का बसली?" गाडी आली, तू पिशवी घेऊन चढलास आणि पलीकडच्या खिडकीत जाऊन बसलास. म्हसोबा क्रीडा मंडळाच्या मैदानावर मिसरूड फुटल्यापासून मी माईक धरतोय. चढाई करणाऱ्यानं नाक शिंकरलं तरी ते लोकांना सांगतो. त्या दिवशी फलाटावर मात्र एक शब्द निघाला नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी आहे सख्या, पण ते तुला मिळणार नाही. राग धर माझ्यावर.

काय ठरलं ते तू रागात नीट ऐकून घेतलं नाहीस, म्हणून पुन्हा सांगतो. नव्या स्टेडियमचे अर्धे पैसे सरकार देणार. उरलेले मंडळानं मुदतीच्या आत उभे करायचे. त्याला दोनच वाटा होत्या. एक बँकेचं लोन, त्याला मैदान तारण. दुसरी पनवेलच्या शेठची देणगी, आणि तिच्या बदल्यात पाटीवर त्याच्या वडिलांचं नाव. लोन नको असं झालं, मग शेठच उरला. सही होऊन गेली. ‘आदर्श क्रीडांगण’ ही पाटी अध्यक्ष म्हणून रितेशनं स्वतः उतरवली. उतरवताना पोरानं चपला काढल्या होत्या, ते मी पाहिलं. मला तेवढ्यानंही बरं वाटलं नाही.

आपल्या संघातून खेळणाऱ्या तुझ्या आदर्शला काविळीनं नेलं त्याला आता आठ वर्षं होतील. पाटी रंगवून आणली तेव्हा तू म्हणाला होतास, खांद्यावर खेळवलेला पोर गेला, निदान लोकांच्या तोंडी तरी राहील. आणि राहिला. आई विचारते, कुठं होतास रे? पोरगा म्हणतो, आदर्शवर. जावई सासऱ्याला विचारतो, गाडी कुठं लावू? आदर्शवर लाव. जे कधी कबड्डी बघत नाहीत तेही दिवसातून दोनदा त्याचं नाव घेतात. आता शेठच्या बापाचं घेतील. मला ते नाव अजून तोंडात येत नाही.

जेवत जा. रोहिणीला त्रास देऊ नकोस.

महिपती

*

सांबरवाडी
२३ फेब्रुवारी २०२५

सख्या,

उत्तर नाही. पोस्टमन शपथेवर सांगतो की पत्र पोचलं. म्हणजे तू वाचलंस आणि उशीखाली घातलंस. तुझं डोकं मला माहीत आहे.

इथं चहाच्या टपरीवर हल्ली खेळ कमी आणि फिकीर जास्त. पूर्वी पकड कशी सुटली यावर भांडायचे, आता छपरावर भांडतात. कोण म्हणतो, "वादळात पत्रा उडाला त कोन बसवनार? शेठ काय दर साल येनार हाय?" कोण म्हणतो, लग्नाच्या तारखा सुरू झाल्या की मैदानाचा हॉल होणार, मग चढाया करायच्या त्या पंगतीत. हसतात, पण हसून झाल्यावर कोणी लगेच उठत नाही. आपला डावा कोपरा काळू परवा वीटभट्टीवरून तसाच आला, अंगावर राख. त्यानं एकच विचारलं. "आत जायला तिकट लावतील काय? माजी आय बांधावर बसून बगते. बांध ऱ्हाईल ना?" टपरीवाल्यानं त्याला चहा दिला.

मी रितेशला घरी जाऊन गाठला. वाटेत शिव्या घोळवत गेलो होतो. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि म्हणाला, "काका, पावसात चार महिने पोरी चिखलात सराव करतात. जिल्ह्याला गेल्या का मॅटवर पाय सरकतात, रडत परत येतात. मी छप्पर मागितला, पाटी नाय मागितली. लोनचा विषय मी लोकांपुढं ठेवलेला. लोकांनीच नको सांगितला." एवढं बोलून तो माझ्याकडे बघत राहिला आणि मी त्याच्या टीव्हीकडे. टीव्ही बंद होता. शिव्या तशाच घेऊन घरी आलो. पोरगा खोटा नाही सख्या, आणि तेच अवघड आहे. खोटा असता तर मीच त्याला सरळ केला असता.

त्यानं एक निरोप दिलाय, पोचवतो. स्पर्धेच्या चषकाला आदर्शचं नाव राहील आणि नव्या फाटकाच्या आत त्याचा मोठा फोटो लावतील. गिरजानं ऐकलं आणि म्हणाली, "दारात आपल्या पोराला उबा करनार नि घरात दुसऱ्याला बसवनार." मी निरोप्या आहे, मला मत नाही. असलं तर ते गिरजाचंच.

भूमिपूजन गुढीपाडव्याला आहे. सही मोडता येते का ते विचारायला मी पेणला वकिलाकडे जाऊन आलो. येत नाही.

तुझ्यावाचून टपरीवर बाकड्याची एक बाजू वर उचलली जाते. तू होतास तेव्हा तोल राहायचा.

महिपती

*

सांबरवाडी
९ मार्च २०२५

रोहिणी, पोरी,

हे पत्र मुद्दाम तुझ्या शाळेच्या पत्त्यावर टाकतोय. वाचलंस की फाड. घरी नेऊ नकोस.

काल मी अष्टमीला आलो होतो, ते तुला कळलंच असेल. तुमच्या बिल्डिंगखाली उभा होतो. सखा गॅलरीत खुर्ची टाकून बसला होता. मला बघून तो उठला, आत गेला, मग पुन्हा बाहेर आला. मला वाटलं हाक मारतोय. त्यानं खुर्ची उचलली आणि आत नेली. मी पुलापर्यंत चालत आलो आणि कठड्याला धरून थोडा वेळ उभा राहिलो. या वयात रस्त्यावर रडलं तर लोक चक्कर आली समजून पाणी देतात. मला दोघांनी दिलं.

रात्री तुझा फोन आला. "काका, बाबा एकच धरून बसलेत. रितेशदादांनी त्यांना सांगितलं की मैदानात कोणीतरी एक ओरडला, त्याच्या मागून सगळे ओरडले, आणि लोन मोडलं. तो एक कोण?" मी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज चांगला येत होता. आता खरं लिहितो.

आदर्श गेल्यापासून तू मैदानावर पाय ठेवला नाहीस, म्हणून पहिल्यापासून सांगतो. समोरचा अख्खा संघ बाद केला की वर दोन गुण मिळतात, त्याला लोण म्हणतात. आपल्याकडच्या जिभेला ण कुठला पेलतो, आपण लोनच म्हणतो. आपले गडी एकेक करून बाहेर गेले आणि शेवटचा एक उरला की तुझे बाबा दोरीपाशी उभे राहतात, मूठ वर करतात आणि ओरडतात, "लोन घ्यायचा नाय! घरच्या मैदानावं लोन नाय!" मागून सगळं मैदान तेच ओरडतं. पाहुण्या संघांना आपल्या गड्यांपेक्षा त्या आरोळीची धास्ती जास्त.

सव्वीस जानेवारीची संध्याकाळ. उपांत्य सामना नुकताच संपला होता, शेवटचा गडी कसाबसा वाचला होता, लोक अजून तापलेले. रितेशनं माझ्याकडून माईक घेतला. म्हणाला, गाव जमलंच आहे तर कौल घेऊ. अनुदान, शेठ, बँक, सगळं त्यानं सरळ सांगितलं. पण आपले भोंगे तुला माहीत आहेत, पहिल्या रांगेपलीकडे नुसता घुमारा जातो. शेवटी त्यानं विचारलं, "मग बोला मंडळी, लोन घ्यायचं काय?"

तुझ्या बाबांचं मशीन डबीत होतं. त्यांना त्या सगळ्या भाषणातला एकच शब्द लागला.

ते दोरीपाशी उठले, मूठ वर केली आणि जीव तोडून ओरडले. "नाय घ्यायचा! घरच्या मैदानावं लोन नाय!" मैदान पेटलं. ढोल वाजला. पोरांनी टोप्या उडवल्या. रितेशनं दोनदा हात वर केला, कोणी थांबेना. मीही हसलो, पोरी. मला वाटलं गंमत झाली, आतल्या बैठकीत नीट ठरवतील. पण मंडळात निम्मे जण लोनला आधीच घाबरलेले होते, त्यांना तेवढं पुरलं. "पब्लिकनं सांगितला, आता कसली बैठक?" आणि मुदत त्याच आठवड्यात संपत होती.

आदर्शचं नाव राहायला एकच वाट होती, ती लोनची. ती त्याच्या बापानं बंद केली, त्याच्याच मैदानात, त्याच्याच संघासाठी ओरडताना. आणि बापाला ते ठाऊक नाही. गावात सगळ्यांना ठाऊक आहे. रितेशलाही आहे, पण ‘कोणीतरी एक’ यापुढे त्याची जीभ रेटली नाही. फलाटावर माझीही रेटली नाही.

त्याला सांगू नकोस. मी पाया पडायच्या वयाचा नाही, तरी पडतो असं समज.

महिपतीकाका

*

सांबरवाडी
२० मार्च २०२५

रोहिणी,

तुझं पत्र मिळालं. तू लिहितेस की खरं ते खरं, बाबा पचवतील. तू शिकलेली आहेस, मास्तरीण आहेस, तुझं बरोबर असेल. पण पोरी, पोर गेल्यावर तो सावरला तो कशावर, ते मी रोज पाहिलंय. संध्याकाळी बांधावर बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडून नाव ऐकायचा. ऐकू येणं कमी झालं तरी ते नाव त्याला लांबून लागायचं. ते आपल्याच तोंडानं घालवलं हे कळलं तर तो दुसऱ्यांदा पोराला खांदा दिल्यासारखा होईल. शेठवर, रितेशवर, माझ्यावर रागावून माणूस जगतो. स्वतःवर रागावला तर कुठं जाणार?

आणि तू दुसरं लिहिलंस, त्यानं माझी झोप गेली. तो पाडव्याला भूमिपूजनाला येणार, माईक मागणार आणि सगळ्या गावासमोर विचारणार, "कोन वरडला, हात वर करा." गाव काय सांगेल? आपली माणसं भोळी. कोणीतरी सहज म्हणेल, "काका, तुमीच की." वर हसेलही.

म्हणून मी घरोघर फिरलो. आमदारकीला उभा राहिल्यासारखा. प्रत्येकाला एवढंच म्हटलं, सखानं विचारलं तर ओरडला तो महिपती. टपरीवाला आधी म्हणाला, "असा कसा खोटा बोलायचा?" मग कपबशा विसळता विसळता म्हणाला, "तसाबी माईक तुमच्याच हातात असतोय. खरा वाटल." काळूकडे गेलो तर तो विटा रचत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं हातातली वीट खाली ठेवली. "काका, वरडला कोन त्यो मी बगितलाच नाय," तो म्हणाला. "तुमीच व्हतात ना?" त्याची आई आतून म्हणाली, "व्हय, यांचाच आवाज व्हता. मी बांधावर व्हती." पोरी, त्या बाईला मी आयुष्यात कधी बसायला खुर्ची दिली नाही.

एकटा रितेश अडला. म्हणाला, "ते मरेपर्यंत तुमचं तोंड बगनार नाय, काका." मी म्हटलं, आता तरी कुठं बघतोय? पण ते म्हणण्यापुरतं. अजून आशा होती मला. राग जाईल, गाडीतून उतरेल, बाकड्यावर येऊन बसेल, असं रोज वाटायचं. आता तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे, आणि मार देणाराही मीच.

गिरजा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मग भाकरी वाढताना म्हणाली, "पोराचं नाव गेला. बापाला त ऱ्हाऊ दे." तिनंच मला कागद आणून दिला.

तू फक्त गप्प राहा. बाकी मी लिहितो.

महिपतीकाका

*

सांबरवाडी
२५ मार्च २०२५

सख्या,

तू विचारतोस तो एक कोण. मी.

माईक रितेशच्या हातात होता, पण मी त्याला खेटून उभा होतो. तो लोन म्हणाला आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. तुझी आरोळी ऐकून ऐकून पाठ झालेली. बँक कुठली, शेठ कुठला, काही डोक्यात शिरलं नाही. मूठ वर केली आणि ओरडलो. माईक तोंडाजवळ असल्यानं चारी भोंग्यांतून गेलं, म्हणून सगळं मैदान माझ्या मागून ओरडलं.

तुला आठवत असेल की तूही ओरडला होतास. ओरडलास, पण नंतर. सगळे ओरडले तसा तू. त्याला काही अर्थ नाही, ते डोक्यातून काढून टाक. खोटं वाटत असेल तर गावात कोणालाही विचार. काळूच्या आईला विचार, ती बांधावर होती.

फलाटावर तू म्हणालास माझी वाचा का बसली. बसली नव्हती. नको तिथं उठली होती, आणि ते तुझ्या तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही. तुझ्या पोराला मी मांडीवर घेऊन पहिल्यांदा माईकवर बोलायला लावलं होतं. ‘आदर्श’ एवढंच बोलला आणि आपल्याच आवाजाला घाबरून रडला. त्याचं नाव माझ्या तोंडून जावं असं मला कधीच वाटलं नसतं. हे तरी खरं मान.

आपल्या खेळात शिवलेला गडी पंचाची वाट बघत नाही. हात वर करतो आणि रेषेबाहेर जाऊन बसतो. तूच पोरांना कान धरून हे शिकवलंस. मी हात वर केलाय. मंडळाला माईक परत देऊन आलो. तुला वाटेल आता पश्चात्ताप झाला, बैल गेला आणि झोपा केला. तसंच समज.

पाडव्याला मी मैदानावर नसेन. गिरजाला घेऊन पेणला तिच्या बहिणीकडे चाललोय. तू ये. कोण ओरडला ते विचारायचं आता राहिलं नाही, तरी माईक मागून घे आणि पोराचं नाव एकदा मोठ्यानं सांग. रितेश अडवणार नाही, मी बोललोय. शेठला ऐकू जाऊ दे. आणि नंतर लगेच अष्टमीला पळू नकोस. घर उघड, चूल पेटव, संध्याकाळी बांधावर बस. म्हातारी माणसं अजून आदर्शवरच म्हणतात. तीही म्हणेनाशी होईपर्यंत तुला ऐकायला मिळेल, तेवढ्यासाठी ते मशीन कानात घालत जा.

मी परत आल्यावर वाटेत दिसलो तर तोंड फिरव. टपरीवर मी सकाळी जाईन, तू संध्याकाळी जा, म्हणजे कोणाची पंचाईत नको. मेलो तर खांदा दिला नाहीस तरी चालेल. पण सख्या, गावात राहा.

महिपती